हातातला दाब आणि कपातली कॉफी

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



वसंत व्याख्यानमालेत कॉफीवर बोलायला हाच ऋतू योग्य आहे. मार्च-एप्रिलमध्ये कोडगू आणि चिकमगळूरच्या डोंगरांवर वळवाची एखादी सर पडते. मळेवाले तिच्याकडे डोळे लावून बसलेले असतात. त्या पावसाने झुडपांवरच्या निजलेल्या कळ्या जाग्या होतात आणि आठ-दहा दिवसांत मळा पांढऱ्या फुलांनी भरून जातो. या फुलांची फळं पिकायला बरेच महिने लागतात. अरेबिका जातीच्या कॉफीची तोडणी नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होते आणि रोबस्टाची फेब्रुवारीपर्यंत चालते. त्यानंतर साल काढायचं, बी वाळवायचं, निवडायचं आणि भाजायचं. इतक्या लोकांच्या हातांतून ते बी आपल्या ओट्यावर येतं आणि शेवटची तीन मिनिटं आपल्यावर सोपवलेली असतात. मी आज बोलणार आहे ते या तीन मिनिटांबद्दल.

घरी कॉफी करायची साधनं अनेक आहेत. दक्षिणेतलं दोन मजली फिल्टर आहे, फ्रेंच प्रेस आहे, इटलीत अल्फोन्सो बियालेत्ती यांनी १९३३ साली आणलेलं मोका पॉट आहे. मी एरोप्रेस हे साधन निवडलं आहे, कारण त्यात दाब आपल्या हाताने द्यावा लागतो. वीज नाही, पंप नाही, वाफ नाही. आत काय चाललं आहे ते थेट तळहाताला कळतं. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की दट्ट्या खाली ढकलताना हाताला जो विरोध लागतो तो ओळखायला आपण शिकलो, तर घरची कॉफी सुधारते. जोर वाढवून ती सुधारत नाही.

ज्यांनी हे साधन पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्लॅस्टिकचं एक नळकांडं असतं. त्याच्या तळाला भोकांची टोपी बसते आणि टोपीत गोल गाळणकागद ठेवायचा असतो. नळकांड्यात कॉफीची पूड आणि गरम पाणी घालायचं, काही वेळ मुरू द्यायचं आणि रबरी टोकाचा दट्ट्या वरून दाबायचा. कॉफी कागदातून कपात उतरते. चोथ्याची घट्ट वडी तळाशी उरते, ती टोपी काढून कचऱ्याच्या डब्यात ढकलून द्यायची. धुवायला अर्धं मिनिट पुरतं.

हे साधन कॅलिफोर्नियातल्या अॅलन अॅडलर यांनी तयार केलं आणि २००५ साली ते बाजारात आलं. अॅडलर अभियंते, स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांनी शिकवलं होतं. त्याआधी त्यांचं नाव झालं होतं ते एरोबी नावाच्या फेकायच्या चकतीमुळे. हाताने फेकलेली ही चकती २००३ साली ४०६ मीटर दूर गेली होती. हवेचा प्रवाह समजून घेऊन साधी वस्तू घडवायची, ही त्यांची रीत. अमेरिकेतल्या घरोघरच्या ड्रिप यंत्रांत एकच कप कॉफी नीट होत नव्हती आणि पाणी पुडीतून हळूहळू झिरपत राहिल्याने ती कडू व्हायची. पाणी थोडं कमी गरम घ्यावं, वेळ कमी करावा आणि गाळणं झटपट व्हावं म्हणून हवेचा दाब वापरावा, हा अॅडलर यांचा विचार. त्यांची मूळ कृती ८० अंश सेल्सिअसच्या पाण्याची होती. दहाएक सेकंद ढवळायचं आणि वीस-तीस सेकंदांत दाबून मोकळं व्हायचं.

आता दाबाकडे येऊ. कॉफी आणि दाब म्हटलं की एस्प्रेसो आठवते. १८८४ मध्ये तुरिनच्या आंजेलो मोरिओंदो यांनी वाफेवर चालणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी त्या कल्पनेला आजच्यासारखं रूप दिलं. पण वाफेचा दाब दीड बारच्या आसपासच थांबतो आणि तो वाढवायचा तर पाणी फार तापवावं लागतं. दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गाज्जा यांनी स्प्रिंग आणि तरफ वापरली, तेव्हा दाब आठ-नऊ बारपर्यंत पोचला आणि कॉफीवर तो सोनेरी फेस पहिल्यांदा दिसला. आज एस्प्रेसोचा सर्वमान्य दाब ९ बार आहे.

आपल्या हाताने किती दाब पडतो? हे गणित शाळेतलं आहे. एरोप्रेसच्या नळकांड्याचा आतला व्यास सुमारे ६ सेंटीमीटर, म्हणजे त्याचं क्षेत्रफळ साधारण २८ चौरस सेंटीमीटर. १ बार म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १ किलोचा भार. तुम्ही १० किलोचा जोर लावलात तर आत अर्धा बारही होत नाही, ०.३५ बार होतो. २० किलो लावलेत तर ०.७ बार. ९ बार हवे असतील तर सुमारे २६० किलो भार टाकावा लागेल. म्हणून एरोप्रेसमधून एस्प्रेसो निघत नाही आणि तशी अपेक्षा ठेवून कोणी जिवाच्या आकांताने दट्ट्या दाबू नये. हाताच्या छोट्या दाबाचं काम वेगळं आहे. आधीच विरघळून तयार झालेला अर्क चोथ्यापासून लवकर आणि स्वच्छ वेगळा करायचा, एवढंच ते काम. चव त्याआधी पूड, पाणी आणि वेळ यांनी ठरवलेली असते.

ती कशी ठरते हे समजण्यासाठी भाजलेल्या बियाकडे पाहू. त्याच्या वजनापैकी पाण्यात विरघळू शकेल असा भाग सुमारे २८ ते ३० टक्के असतो, बाकीचं लाकडासारखं तंतुमय द्रव्य आहे. जे विरघळतं तेही एकदम विरघळत नाही. आम्लं आणि फळांसारख्या वासाची द्रव्यं लवकर सुटतात, गोडवा आणि कॉफीचं अंग त्यानंतर येतं, आणि कडू-तुरट द्रव्यांना जास्त वेळ लागतो. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी या विषयाचा शास्त्रीय अभ्यास केला. पुडीच्या वजनापैकी १८ ते २२ टक्के द्रव्य कपात उतरलं तर कॉफी बहुतेकांना समतोल लागते, हा त्यांच्या कामातून आलेला आकडा आजही वापरात आहे. एक उदाहरण करून पाहू. १५ ग्रॅम पूड आणि २२० ग्रॅम पाणी घेतलं. चोथा ३० ग्रॅम पाणी धरून ठेवतो, कपात १९० ग्रॅम कॉफी येते. तिच्यात दीड टक्का विरघळलेलं द्रव्य असेल तर ते २.८५ ग्रॅम झालं, म्हणजे १५ ग्रॅमच्या १९ टक्के. कप १८ ते २२ टक्क्यांच्या पट्ट्यात उतरला.

या हिशेबातून एक महत्त्वाचा भेद लक्षात येतो. कॉफी पातळ असणं आणि कॉफी कच्ची असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पातळ कॉफीत पाणी जास्त झालेलं असतं, तिला पूड वाढवणं हा उपाय. कच्च्या कॉफीत पुडीतून हवं ते सुटलेलंच नसतं. ती आंबट आणि पोकळ लागते, कधी खारटसरही लागते. तिच्यात आणखी पूड घातली तर गडद आंबट कॉफी मिळते. घरोघरी ‘कॉफी बरी झाली नाही’ म्हणून पुडीचा एक चमचा वाढवला जातो, आणि दोष होता तिथेच राहतो.

मग पुडीतून हवं ते सुटावं म्हणून काय करायचं? सगळ्यात आधी दळणाकडे पाहायचं. १८५६ साली फ्रान्समधल्या दिजों शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम करणारे अभियंते हेन्री दार्सी यांनी वाळूच्या थरातून पाणी कसं झिरपतं याचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांचा नियम कॉफीच्या थरालाही लागू पडतो. दाब वाढवला तर प्रवाह वाढतो, थर जाड असेल तर प्रवाह कमी होतो. पण सगळ्यात मोठा फरक कणांच्या आकाराने पडतो. कण निम्मा झाला की पाण्याला होणारा अडथळा साधारण चौपट होतो. दळण किंचित बारीक झालं तरी दट्ट्या एकदम जड का लागतो, याचं उत्तर या चौपटीत आहे. त्यातच जोरात दाबलं तर थर आणखी दडपला जातो आणि मोकळ्या वाटा बंद होतात. मग पाणी एखादी कमकुवत जागा शोधून तिथूनच धावतं. त्या वाटेवरच्या पुडीतून गरजेपेक्षा जास्त निघतं, बाजूची पूड तशीच राहते. एकाच कपात आंबट आणि तुरट दोन्ही लागतं ते याच कारणाने.

ओरेगॉन विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टोफर हेंडन आणि त्यांच्या गणितज्ञ सहकाऱ्यांनी २०२० मध्ये एस्प्रेसोबद्दल हेच दाखवलं. दळण बारीक करत गेलं की अर्क वाढत जातो, पण एका मर्यादेपलीकडे थर जागोजागी तुंबतो आणि अर्क कमी व्हायला लागतो. त्यांचा सल्ला होता की थोडं जाड दळा आणि पूडही थोडी कमी घ्या. चव सुधारते, रोजच्या रोज सारखी येते आणि कॉफीही वाचते.

घरासाठी सुरुवातीचं माप सांगतो. पूड बोटांत चोळून पाहा, ती बारीक रव्याएवढी लागली पाहिजे. पिठासारखी लागली तर फार बारीक आहे, लापशीच्या रव्यासारखी लागली तर जाड. शक्य असेल तर हाताने फिरवायची, दोन दातेरी चक्र्यांची छोटी चक्की घ्या. पात्यांच्या मिक्सरमध्ये काही कण जाडे राहतात आणि काहींची धूळ होते. जाडे कण कच्चे राहतात आणि धूळ कागद तुंबवते. मिक्सरच वापरायचा असेल तर बटण थोडा वेळ दाबून लगेच सोडत दळा, भांडं हलवा, आणि दळून झालं की मैद्याच्या चाळणीने धूळ काढून टाका. थोडी पूड वाया जाईल, पण फरक पहिल्या घोटात कळेल. आणखी एक गोष्ट. दळताना बी आणि पाती यांच्या घर्षणाने स्थिर वीज तयार होते आणि पूड भांड्याला चिकटून राहते. हेंडन यांच्याच गटाने ज्वालामुखीच्या राखेचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांबरोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात दाखवलं की दळण्याआधी बियांवर पाण्याचे एक-दोन थेंब घालून हलवलं तर ही वीज बरीच कमी होते. हा उपाय फुकट आहे.

आता हाताचा जोर मोजायची एक सोपी युक्ती. माणसांचं वजन करायचा काटा घ्या, स्वयंपाकघरातला नको, तो पाच किलोच्या वर दम धरणार नाही. त्यावर मजबूत, रुंद बुडाचा कप ठेवा, कपावर भरलेलं एरोप्रेस ठेवा, आणि काट्यावर दिसणारा आकडा लक्षात ठेवून दाबायला सुरुवात करा. मूळ आकड्याच्या वर जेवढे किलो दिसतील तो तुमचा जोर. १० किलोचा जोर तळहाताला कसा लागतो ते दोन-तीनदा अनुभवा, म्हणजे पुढे काट्याची गरज राहणार नाही. यापुढे हाच जोर कायम ठेवायचा आणि घड्याळ बघायचं. या जोराने तीसेक सेकंदांत कॉफी उतरली तर दळण ठीक आहे. दहा सेकंदांत दट्ट्या तळाला टेकला तर दळण जाड. मिनिट होऊनही अडकून राहिला तर बारीक, किंवा धूळ जास्त. जोर कायम ठेवला की वेळ हे दळणाचं माप होतं. हाताचा जोर रोज बदलत राहिला तर हे माप हरवतं आणि कॉफी आज का चांगली झाली, काल का नाही, हे कधीच कळत नाही.

पाण्याकडे वळू. पाणी किती गरम असावं हे बी किती भाजलं आहे यावर ठरवा. हलक्या भाजलेल्या बियातून द्रव्य अवघड सुटतं, त्याला आधण आलेलं पाणी लगेच ओता. मध्यम भाजलेल्याला ९० अंश, गडद भाजलेल्याला ८० ते ८५ अंश. अॅडलर यांचे ८० अंश गडद कॉफीला आजही शोभतात. तापमापक नसेल तर उकळी आल्यावर भांडं झाकण काढून दोन-तीन मिनिटं तसंच ठेवा. उकळीही सगळीकडे सारख्या तापमानाला येत नाही. दर ३०० मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण १ अंशाने उतरतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, इथे पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं. महाबळेश्वरला ९५-९६ अंशांना. तिथे सुट्टीत कॉफी केली आणि ती जरा आंबट लागली तर पुडीला दोष देऊ नका, मुरायला अर्धं मिनिट जास्त द्या. तापमानाचा दट्ट्यावरही परिणाम होतो. ९० अंशांच्या पाण्याचा चिकटपणा २५ अंशांच्या पाण्याच्या सुमारे एक तृतीयांश असतो, म्हणून गरम पाणी पुडीतून सहज उतरतं आणि कोमट पाण्याला जास्त जोर लागतो.

पाणी कसलं, हेही तितकंच महत्त्वाचं आहे. आरओचं पाणी पिण्याला सोयीचं असतं, पण त्यातले क्षार जवळजवळ निघून गेलेले असतात. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम थोडे तरी असले की कॉफीची चव भरदार येते. उलट बोअरचं जड पाणी घेतलं तर त्यातले बायकार्बोनेट कॉफीची आम्लं मारतात आणि कप सपक, मातकट लागतो. आरओचं आणि नळाचं पिण्याजोगं पाणी निम्मं-निम्मं मिसळून पाहा. एकाच पुडीचे दोन कप दोन वेगळ्या पाण्यांनी करून शेजारी ठेवले, की पाण्याबद्दल आणखी कोणी सांगायची गरज उरत नाही.

आता कृती. कागद टोपीत ठेवून गरम पाण्याने भिजवा, त्याने नळकांडंही तापतं. १५ ग्रॅम ताजी दळलेली पूड घाला, कप आणि साधन स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून २२० ग्रॅम पाणी भराभर ओता, सगळी पूड भिजली पाहिजे. लगेच दट्ट्या वरच्या तोंडाशी एक-दोन सेंटीमीटर आत बसवा आणि किंचित वर ओढा. आतल्या हवेचा दाब कमी होतो, बाहेरची हवा खालून पाणी अडवून धरते आणि ठिबकणं थांबतं. दोन मिनिटं थांबा. मग साधन काट्यावरून काढून अलगद गोल फिरवा, पूड तळाशी सारखी बसते. आणखी अर्धं मिनिट जाऊ द्या आणि मग दाबा. हात सरळ वरून, जोर एकसारखा, घाई नाही. शेवटी हवेचा फुसफुस आवाज येतो. तिथे काहीजण थांबतात, काहीजण पूर्ण दाबतात. यातलं काय करायचं ते तुम्ही ठरवा. फुसफुसल्यानंतरचे शेवटचे थेंब वेगळ्या वाटीत घ्या आणि चाखा. ते मिसळावेसे वाटले तर मिसळा.

साधन उलटं उभं करून, दट्ट्या खाली आणि टोपी वर ठेवून कॉफी मुरवायची एक पद्धत बरीच लोकप्रिय आहे. तिने पाणी ठिबकत नाही हे खरं, पण भरलेलं साधन कपावर पालथं करताना उकळतं पाणी हातावर सांडू शकतं. दट्ट्या किंचित वर ओढून ठेवला की तेच काम सुरक्षितपणे होतं, म्हणून घरात लहान मुलं असतील तर उलट्या पद्धतीच्या वाटेला जाऊ नये. पातळ काचेचा पेलाही वापरू नका. वरून दहा किलोंचा भार पडणार आहे.

गाळणकागदाबद्दल वेगळं सांगायला हवं, विशेषतः इथल्या ज्येष्ठांसाठी. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल आणि काहवेऑल नावाची द्रव्यं असतात. ती रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात, हे युरोपातल्या अभ्यासांतून स्पष्ट झालं आहे. उकळलेल्या आणि जाळीतून गाळलेल्या कॉफीत ती उतरतात, कागद त्यांचा बहुतेक भाग अडवतो. एरोप्रेससाठी धातूची जाळीही मिळते आणि तिने कॉफीला अंग जास्त येतं. पण रोज दोन-तीन कप पिणाऱ्याने, आणि कोलेस्टेरॉलची तक्रार असलेल्याने तर नक्कीच, कागदच वापरावा.

भारतीय कॉफीला ही कृती जशीच्या तशी लावून चालणार नाही. आपल्या देशातल्या उत्पादनात दोन तृतीयांशांहून जास्त रोबस्टा असते. तिच्यात कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असतं आणि कडवटपणाही जास्त. तिला ८० ते ८५ अंशांचं पाणी आणि दीड मिनिट पुरतं. अरेबिकात आपल्याकडे ‘सिलेक्शन ७९५’ हा वाण फार मोठ्या क्षेत्रावर आहे. तो मध्यम भाजलेला असेल तर मघाची कृती तंतोतंत लागू पडते. मलबार किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात मुरवलेली ‘मान्सून्ड मलबार’ फुगलेली आणि मवाळ आम्लाची असते. ती जरा जाड दळा आणि पाणी फार गरम घेऊ नका. महाराष्ट्रात कॉफीची लागवड मेळघाटात, चिखलदऱ्याला आहे. ती मिळाली तर जरूर करून पाहा आणि तिच्यासाठी आपली स्वतःची कृती बसवा.

बाजारातली पुडी घेताना पाकिटावर चिकोरीचं प्रमाण वाचा. चिकोरी ही एका मुळाची भाजलेली पूड, ती कॉफीपेक्षा खूप जास्त विरघळते आणि अर्क दाट करते. मिश्र पूड पुरेशी जाड नसेल तर दट्ट्या अडतो, तेव्हा पूड कमी घ्या आणि वेळ एक मिनिटावर आणा. दुधाची कॉफी आवडणाऱ्यांसाठी १८ ग्रॅम पूड आणि १०० ग्रॅम पाणी घेऊन दाट अर्क काढा आणि त्यात वेगळं तापवलेलं दूध घाला. अर्क दुधात घालून उकळू नका, दाबून मिळवलेला सुवास वाफेबरोबर निघून जातो. दक्षिणेतल्या फिल्टरमध्ये हाच दाट अर्क गुरुत्वाकर्षणाने, सावकाश मिळतो. दोन्हींतला फरक मुख्यतः वेळेचा आहे आणि फिल्टरची कॉफी चांगली जमत असेल त्यांनी ती सोडायचं काहीच कारण नाही.

इतकं सगळं ऐकल्यावर बदलायच्या गोष्टी फार वाटतील: दळण, पाणी, तापमान, वेळ, पूड, जोर. म्हणून एक शिस्त सांगतो. एका वेळी एकच गोष्ट बदला. कॉफी आंबट आणि पोकळ लागली तर आधी दळण चक्कीवरच्या एका खुणेने बारीक करा. तरीही आंबट असेल तर पुढच्या दिवशी पाणी जास्त गरम घ्या, त्यानंतर वेळ वाढवा. कडू लागली आणि जीभ कोरडी पडली तर उलट दिशेने जा, आधी दळण जाड करा. चव बरोबर आहे पण पातळ आहे, असं वाटलं तरच पूड वाढवा. प्रत्येक कपाची नोंद एका ओळीत होते: कोणती पूड, किती ग्रॅम, पाणी किती गरम, किती वेळ, दट्ट्या हलका की जड, आणि चव एका शब्दात. पंधरा दिवसांत ही वही कोणत्याही पुस्तकापेक्षा उपयोगी होते, कारण ती तुमच्या पाण्याची, तुमच्या चक्कीची आणि तुमच्या जिभेची असते.

आणि ही वही स्वतःजवळ ठेवू नका. या साधनाच्या इतिहासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ही आहे की त्याचं ज्ञान सुरुवातीपासून खुलं राहिलं. २००८ साली ऑस्लोत एरोप्रेसची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा स्पर्धक फक्त तीन होते. आज अनेक देशांत तिच्या फेऱ्या होतात. परीक्षक कपांवर नाव नसताना चाखतात आणि आवडलेल्या कपाकडे एकाच वेळी बोट दाखवतात. जिंकणाऱ्याची कृती सगळ्यांसाठी जाहीर होते. त्यांतल्या काही कृतींत एका कपाला ३० ग्रॅमहून जास्त पूड असते. स्पर्धेत ते चालतं, घरात परवडत नाही आणि लागतही नाही. पण कृती उघड करायची ही प्रथा आपण घरात, शेजारात, कार्यालयात जरूर घ्यावी. आपल्याकडे चांगला स्वयंपाक करणाऱ्या हाताला ‘हाताची चव’ म्हणून मान देतात. तो मान योग्यच आहे. मात्र ती चव मोजून, लिहून दुसऱ्याच्या हाती देता येते आणि दिल्याने ती कमी होत नाही, हे कॉफीच्या बाबतीत सिद्ध झालेलं आहे.

ज्यांच्या घरी हे साधन आहे त्यांनी उद्या सकाळी एवढंच करावं. जोर दहा किलोंचा ठेवावा आणि घड्याळ लावावं. दट्ट्या जड लागला तर आणखी जोर न लावता दळण एक खूण जाड करावं. त्या एका बदलाची चव घ्यावी, ती लिहावी, आणि मगच दुसऱ्या बदलाला हात घालावा.